पान एकतीसवरचं तण

ऑफिसात आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांनी एसी बंद केला. मीटिंग ऐन रंगात होती, पडद्यावर स्लाइड होती, डायरेक्टर मॅडम बोलत होत्या, आणि हे गृहस्थ उठून भिंतीपाशी गेले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तिथला आकडा वाचला आणि म्हणाले, "अठरा? हे अठरा कोणाला विचारून ठेवलंय?"

कोणालाच माहीत नव्हतं. मग ते दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मावशींकडे वळले. "तुम्हाला थंडी वाजते का हो?"

"वाजते ना साहेब. म्हणून तर स्वेटर घालते," मावशी म्हणाल्या. मे महिना होता आणि मावशींनी खरंच स्वेटर घातला होता. दोन वर्षं मी त्यांच्या हातचा चहा पीत होते, पण तो स्वेटर मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. गृहस्थांनी बटण दाबलं, जागेवर येऊन बसले आणि मॅडमना म्हणाले, "हं, चालू द्या तुमचं समानतेचं." पुढचा तासभर सगळं ऑफिस फायलींनी वारा घेत होतं.

आमची संस्था परळला, एका बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, सहाव्या मजल्यावर. आम्ही पुस्तिका काढतो. गावोगावी बांधावर जाऊन शेतकऱ्यांना नवं बियाणं, नवं औषध, नवी पद्धत शिकवणारी माणसं असतात, त्यांना विस्तार कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी काय शिकवावं ते आम्ही परळहून लिहून पाठवतो. आमच्या खिडकीतून दुसरा टॉवर दिसतो.

त्या वर्षीची पुस्तिका जाडजूड होती. शेतीच्या सल्ल्यात पोषण आणि स्त्री-पुरुष समानता कशी आणायची, हा विषय. साध्या भाषेत सांगायचं तर, नुसतं घरच्या बाप्याला खत-बियाणं सांगून परत फिरू नका. शेतात निम्म्याहून जास्त राबते ती बाई, तिच्याशी बोला, आणि एवढं पिकवून तिच्या ताटात काय पडतं तेही बघा. विषय चांगलाच आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझं काम त्यातलं मराठी तपासायचं. मी लालबागची, चाळीत वाढलेली. शेती पाहिली ती आजोळच्या परसापुरती. पण ऱ्हस्व-दीर्घाला शेत लागत नाही.

हे गृहस्थ त्या पुस्तिकेचे सल्लागार. मराठवाड्यात कुठल्याशा संस्थेत विस्तार अधिकारी म्हणून उभी हयात काढलेली. लग्न केलेलं नाही. निवृत्त झाल्यावर शिवाजी पार्कला विधवा बहिणीकडे राहायला आले. तोंडावर त्यांना बाकीचे सर म्हणत, मी काका म्हणे, आणि पाठीमागे सगळेच तणकाका. तण म्हणजे पिकात कोणी न पेरता उगवतं ते. बाकीचे लोक सकाळी चालताना समुद्र बघतात, फार तर एकमेकांची गुडघेदुखी ऐकून घेतात. हे शिवाजी पार्कहून परळपर्यंत मान खाली घालून चालत यायचे आणि वाटेत कुंपणाच्या कडेला, गटाराच्या झाकणाशी, बंद दुकानाच्या पायरीखाली जे काही हिरवं दिसेल ते मुळासकट काढून पिशवीत टाकायचे. त्यासाठी एक छोटा चाकू बाळगायचे. टॉवरच्या दारात वॉचमन तो रोज काढून घ्यायचा आणि वहीत नोंद करायचा. वस्तू: चाकू. कारण: भाजी.

वर आल्यावर ते चहाच्या कागदी कपांत पाणी भरून त्यात एकेक रोपटं खोचायचे आणि प्रत्येकाच्या टेबलावर एक कप ठेवायचे. माझ्या वाट्याला पहिल्या दिवशी एक जाडसर पानांचं, लालसर देठाचं, आडवं पसरणारं काहीतरी आलं.

"काका, हे रस्त्यावरचं आहे. त्याच्यावर कुत्री काय काय करतात माहितेय ना?"

"खायला कोण सांगतंय? ही ओळख परेड आहे. ओळख, कोण आहे ते."

मला ओळखता आलं नाही. समोर बसणाऱ्या पीकतज्ज्ञ डॉक्टरांनी लांबूनच एक लॅटिन नाव सांगितलं आणि पुन्हा कॉम्प्युटरमध्ये तोंड घातलं. मी तो कप संध्याकाळी घरी नेला, उगाच, फेकवेना म्हणून. आईने बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगो, ही घोळ! खंयसून आणलंस? माझी आये कांदो घालून करी." मग पंधरा मिनिटं ती मला तिच्या आईची परसातली जागा, तिथली घोळ, आणि ती तोडायला भावंडांत कोणाची पाळी असायची ते सांगत होती. आमच्या घरात नववीपर्यंत शिकलेल्या बाईला जे पटकन कळलं ते ऑफिसात परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांनी लॅटिनमध्ये सांगितलं होतं, एवढाच फरक. आईला ते खाता येतं हेही माहीत होतं.

"कोणाला विचारलंत?" हे त्यांचं पालुपद होतं. कशालाही लावायचे. कॅंटीनमध्ये बटाटावड्याऐवजी इडली सुरू झाली, "कोणाला विचारलंत?" टॉवरच्या माळ्याने कुंड्यांतली घोळ उपटून तिथे प्लास्टिकची फुलं खोचली, हे लिफ्टसमोर त्याला धरून उभे, "कोणाला विचारलंस बाबा?" माळी बिचारा बिहारचा, तो "सुपरवायझर को" म्हणाला आणि पळाला. घरीही हेच चालायचं म्हणे. त्यांच्या बहिणीने एकदा पडदे बदलले तेव्हा यांनी तोच प्रश्न टाकला. ती म्हणाली, "चाळीस वर्षं बदल्यांवर बदल्या घेत फिरलास, मला कधी विचारलंस? गप पोहे खा." हे त्यांनीच मला सांगितलं, मोठ्या कौतुकाने.

मॅडम त्यांना सहन करायच्या, कारण पैसे देणाऱ्यांना फील्डवरचा अनुभवी माणूस टीममध्ये हवा होता. सहन करणं अवघड होतं हे मी कबूल करते. पुस्तिकेच्या मुखपृष्ठाचं घ्या. प्रशिक्षणाला बसलेली शेतकरी महिला असा फोटो ठरला होता. छान फोटो होता, हिरवं लुगडं, चेहऱ्यावर ऊन, मागे सतरंजीवर पुरुष बसलेले. सगळ्यांनी वा वा केलं. काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाले, "हिचे दोन्ही हात असे पुढे का आहेत?"

"ती काहीतरी समजावून सांगतेय, सर," डिझायनर म्हणाला.

"ट्रे कुठे गेला?"

डिझायनर लाल झाला. मूळ फोटोत ट्रे होता. त्यावर आठ कप होते. बाई प्रशिक्षणाला आलेल्या पुरुषांना चहा देत होती, आणि त्या प्रशिक्षणाच्या हजेरीत महिला उपस्थिती म्हणून तिचाच अंगठा होता. काका चिडले असतील असं मला वाटलं, पण ते इतके हसले, इतके हसले की मावशींनी त्यांना पाणी आणून दिलं. "मी पण असंच भरायचो हो," ते डोळे पुसत म्हणाले. "चहा आणणारी धरायची, सतरंजी अंथरणारी धरायची. एका गावात तर सरपंचाची आई खिडकीतून डोकावली, तीही धरली." मुखपृष्ठ बदललं. नव्या फोटोत नुसतं शेत होतं, माणसं नकोतच म्हणाल्या मॅडम.

एकदा त्यांनी सगळ्या टीमला फील्ड व्हिजिट म्हणून दादरच्या भाजीबाजारात नेलं. गाडी मिळणार, निदान एक रात्र बाहेर राहायला मिळणार असं समजून डॉक्टर टोपी आणि बूट घालून आले होते. पुलाखाली विरारपलीकडून येणाऱ्या बायका पानांचे वाटे लावून बसतात, त्यातल्या एकीसमोर काकांनी आम्हाला उभं केलं आणि पिशवीतली तणं एकेक करून तिला दाखवली. तिने दात कोरता कोरता पटापट सांगितलं, "ही घोळ. ह्यो तांदुळजा. ही कुर्डू, जून झाली ही, नाय शिजायची. आनि हे काय आनलंय, हे गवत हाय."

डॉक्टर म्हणाले, "बाई, हे सगळंच तण आहे."

"तन? कोनाकडं?" ती म्हणाली. "तुमच्यात खात नसतील. घ्यायचं तर घ्या, नायतर बाजूला व्हा, गिऱ्हाईक हाय मागं."

काकांनी दोन जुड्या घेऊन डॉक्टरांच्या हातात दिल्या. ते त्या परळपर्यंत अंगापासून लांब धरून घेऊन आले आणि ऑफिसच्या फ्रीजवर विसरून गेले.

आता पान एकतीस. पुस्तिका छपाईला जायच्या आठवड्यात काका शेवटचा कच्चा छाप घेऊन माझ्या टेबलाशी आले, एक पान उघडलं, त्यात बोट घातलं, दुसरं पान उघडलं आणि म्हणाले, "वाच." पान एकतीस पीक-संरक्षणाच्या प्रकरणात होतं. सोयाबीनमधल्या त्रासदायक तणांची यादी, त्यात घोळ आणि तांदुळजा, आणि त्यांचा पूर्ण नायनाट करायला कोणतं तणनाशक कधी फवारायचं ते. पान अठ्ठावन्न पोषणाच्या प्रकरणात होतं. ग्रामीण महिलांच्या अंगातलं रक्त वाढावं म्हणून आहारात सहज, फुकट मिळणाऱ्या पालेभाज्या आणा. पहिली भाजी घोळ, दुसरी तांदुळजा. सोबत घोळीच्या भाजीची कृती आणि रंगीत चित्र.

पहिलं प्रकरण डॉक्टरांच्या टीमने लिहिलं होतं, दुसरं पोषणवाल्या मुलींनी. दोन्ही टीम एका खोलीत, एका प्रिंटरवर, एका मावशींच्या हातचा चहा पीत काम करत होत्या. आणि मी दोन्ही पानं चार वेळा वाचली होती. घोळमधला ळ दोन्हीकडे बरोबर आहे ना, तेवढं बघितलं होतं.

"म्हणजे नवऱ्याने सकाळी मारायची आणि बायकोने संध्याकाळी खायची," मी म्हटलं. मला हसू आलं. काकांना आलं नाही, आणि तेव्हाच मला जरा विचित्र वाटलं, कारण ट्रेवर एवढा हसलेला माणूस होता तो.

त्यांचं मागणं मोठं नव्हतं. तणनाशक काढा असंही ते म्हणत नव्हते. "निंदणीने, तण उपटून उपटून, बायकांची कंबर मोडते, ते मला माहितेय. फवारा, पण आधी विचारा," असं त्यांचं म्हणणं. पान एकतीसच्या तळाशी त्यांना एक ओळ हवी होती: फवारणीआधी घरातल्या बाईला विचारा, यातली कोणती भाजी ती नेते आणि कुठून नेते. बस.

मॅडमनी ऐकून घेतलं. "सर, पॉइंट व्हॅलिड आहे. पण पीक-संरक्षणाचं चॅप्टर तज्ज्ञ समितीने अप्रूव्ह केलंय. एक ओळ घातली तरी परत समिती, परत सह्या. दोन महिने जातील. पुढच्या आवृत्तीत बघू." डॉक्टर म्हणाले, तांत्रिक प्रकरणात असलं भावनिक वाक्य बसत नाही. पोषणवाल्या मुली म्हणाल्या, आमच्या पानावर घालू का? काका म्हणाले, "फवारणारा माणूस भाजीचं पान कशाला वाचेल?" ते खरंच होतं. पंप पाठीवर घेतलेला गडी पान अठ्ठावन्नवर जाणार नाही.

मग ते माझ्याकडे आले. शेवटची फाइल छापखान्यात मी पाठवणार होते. पान एकतीस उघडून ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. मी म्हटलं, "काका, माझी नोकरी जाईल." ते म्हणाले, "जाईल खरी," आणि निघून गेले. मी फाइल होती तशीच पाठवली. मला त्याची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून मी त्यांच्यावरच चिडले. माणूस एवढा हटून का बसतो एका ओळीसाठी, असं मी आईला दोन दिवस ऐकवत होते. आई म्हणाली, "विचार ना मगे त्येंका."

तर मी शिवाजी पार्कला गेले. संध्याकाळी ते कट्ट्यावर बसतात, नेट्समध्ये खेळणाऱ्या पोरांकडे पाठ करून, झाडाच्या बुंध्याशी काय उगवलंय ते बघत. मी म्हटलं, पुस्तिका छापायला गेली, आता तरी सांगा.

त्यांनी सांगितलं. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी त्यांनी मराठवाड्यातल्या एका गावात प्रात्यक्षिक घेतलं होतं. सोयाबीनचं रान, नवीन तणनाशक, यांनी स्वतः उभं राहून मारून घेतलेलं. रान इतकं स्वच्छ झालं की ओळीत सरळ नजर जायची. मग सगळ्या गावाला बोलावून ते रान दाखवण्याचा कार्यक्रम झाला, नारळ फुटला, यांचं भाषण झालं. प्रश्न विचारा म्हणाले. पुरुषांनी दोन-तीन विचारले. तेवढ्यात बांधावरून एक बाई बोलली. हातात रिकामी पाटी, पोटुशी होती. म्हणाली, "साहेब, आता भाजी कुठनं न्यायची?"

"मला वाटलं, चेष्टा करतेय," काका म्हणाले. "मी हसलो. मी हसलो म्हणून सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, बाजारातनं आण की. परत हसले. ती गेली पाटी घेऊन."

त्या भागात बाजार आठवड्यातून एकदा भरायचा. पावसाळाभर त्या बायका निंदायला जायच्या आणि येताना रानातली घोळ, तांदुळजा पाटीत टाकून आणायच्या. तेवढीच त्यांच्या भाकरीबरोबरची भाजी. पुढच्या वर्षी अर्ध्या गावाने फवारलं. काका पुन्हा गेले तेव्हा गावात आरोग्याची गाडी आलेली, बायकांचं रक्त कमी म्हणून गोळ्या वाटत होती. रांगेत ती बाई होती, कडेवर मूल घेऊन. तिने यांना ओळखलं आणि मान फिरवली.

"एकाने भाजी काढून घेतली, दुसऱ्याने गोळ्या दिल्या," ते म्हणाले. "दोघांचे अहवाल उत्तम आले. मला तर शाल मिळाली."

तपासनीस बाईची सवय, तोंडातून निघून गेलं, "नाव काय तिचं?"

"विचारलं नाही," ते म्हणाले. "रांगेत उभी होती तेव्हा तरी विचारता आलं असतं."

मला फार वाईट वाटलं, तिचं आणि त्यांचंही. वर्षभर आम्ही ज्या प्रश्नाची टर उडवत होतो तो कुठून आला ते मला असं कळलं. मी निघताना ते झाडाच्या बुंध्यावरचं गवत उपटत होते.

पुस्तिका छापून आली ती टॉवरच्या तळघरातल्या आमच्या गोदामात ठेवली. सोमवारी सगळीकडे रवाना होणार होती. शनिवारी सकाळी मला पार्सलांवरचे पत्ते तपासायचे होते म्हणून मी खाली गेले, तर गोदामाचं दार उघडं. आत काका एका गठ्ठ्यावर बसलेले. शेजारी त्यांची बहीण, गुडघ्यांखाली उशी घेऊन. आणि मावशी, स्वेटरशिवाय. तिघांच्या हातात निळी पेनं. गठ्ठा सोडायचा, पान एकतीस उघडायचं, तळाशी ती ओळ लिहायची, फुंकर मारायची, पुस्तिका बाजूला.

"किल्ली कोणी दिली?" मी विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "मला इचारली त्यांनी. मी दिली."

काकांची बहीण माझ्याकडे बघून म्हणाली, "याने जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, येतेस का म्हणून. नाही कसं म्हणणार? पण अक्षर बघ याचं, डॉक्टर बरा. तू त्यातली शिकलेली ना? बस."

त्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात माझं नाव छापलेलं होतं, मराठी मजकूर तपासणी म्हणून. माझ्या नावाच्या पुस्तिकेत तीन म्हातारी माणसं पेनाने भर घालत होती. नियमाने मी वर जाऊन फोन करायला हवा होता. मी पर्स खाली ठेवली आणि पेन मागितलं. काका म्हणाले, "विचारा मधला चा नीट काढ, घाईत काना सुटतो." शनिवार गेला आणि रविवारही गेला. दुपारी डबा पाठवायच्या ऐवजी आई स्वतःच तो घेऊन आली आणि तिने दोन गठ्ठे केले. तिच्या अक्षरातल्या ओळी ओळखू येतात. त्या जरा वर चढतात.

मॅडमना कळलं ते तीन आठवड्यांनी, एका जिल्ह्यातून कोणीतरी विचारलं तेव्हा, की पेनाने लिहिलेली सूचना नेमकी कोणत्या अधिकाऱ्याची? त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. दार काचेचं असल्यामुळे आम्ही सगळे कामात असल्याचं दाखवत बघत होतो, आणि दार नीट लागत नसल्यामुळे ऐकतही होतो. मॅडम संतापल्या होत्या आणि त्यांचं चुकत नव्हतं. "सर, समितीने पास केलेल्या मजकुरात तुम्ही ओळ घातलीत! कोणाला विचारलंत?"

डॉक्टरांनी कॉम्प्युटरमधून तोंड बाहेर काढलं.

"कोणालाच नाही," काका म्हणाले. "जुनी खोड आहे."

मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं की मीही लिहिलंय. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, छापखान्यात जायची पुढची तीन कामं माझ्याशिवाय अडणार होती ते त्यांना आठवलं असावं, आणि मला लेखी समज मिळाली. मावशींचं नाव कोणी घेतलं नाही. काकांचा करार महिनाअखेरीस संपत होता, तो पुढे वाढवला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या टेबलांवरचे कप गोळा केले, माझ्याकडे एक ठेवला आणि खाली वॉचमनकडून चाकू घेऊन गेले. एसी पुन्हा अठरावर गेला. मग एक दिवस मावशींनी कोणालाही न विचारता तो चोवीसवर आणला, आणि आजवर कोणाची हिंमत झालेली नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी गंमत झाली. समितीपुढे नमुना म्हणून जुनी प्रत ठेवली, ती नेमकी हाताने लिहिलेली. समितीने पानं उलटली, सह्या केल्या. ओळ पहिल्या आवृत्तीत आहेच, तेव्हा ती मंजूर झालेली असणार, असं गृहीत धरून ती छापावी असा शेराही मारला. आता ती ओळ पान एकतीसवर ठसठशीत छापलेली आहे.

पण त्याआधीच, पहिल्याच पावसाळ्यात, ऑफिसात फोन आला, तो मी उचलला. मराठवाड्यातल्या एका गावातून, विस्ताराचं काम करणारी एक मुलगी बोलत होती. "मॅडम, पान एकतीसवर पेनाने लिहिलंय तसं विचारलं आम्ही. बाई म्हणाल्या, विहिरीकडच्या चार ओळी सोडा, तिथं घोळ येते. मालक काही ऐकेना. मग मी त्याला पुस्तक दाखवलं. पेनाने लिहिलंय म्हणल्यावर त्याला वाटलं साहेबाचा खास हुकूम असंल. सोडल्या चार ओळी. पण मॅडम, हे अहवालात कुठं लिहू? असा रकानाच नाही."

मी तिला म्हटलं, बाईंचं नाव लिही, जिथे जागा असेल तिथे. तुझ्याकडे आहे ना नाव? ती म्हणाली, आहे की, आणि तिने सांगितलं. मी ते स्वतःसाठी ठेवून घेतलेल्या प्रतीतल्या पान एकतीसवर, आईच्या अक्षरातल्या ओळीखाली लिहून घेतलं.

मग शिवाजी पार्कला फोन लावला. बहिणीने उचलला आणि तिथूनच ओरडली, "अरे ए, ये इकडे, तुझ्या तणाचा फोन आहे." ते आले. मी सगळं सांगितलं, विहिरीकडच्या चार ओळी, मालक, खास हुकूम. मला वाटलं होतं ते हसतील, पण ते हसले नाहीत. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "ही ती नव्हे."

"नाही काका. गाव वेगळं आहे. ही दुसरी."

"हो, दुसरीच असणार. नाव विचारलं का तिचं?"

"विचारलं," मी म्हटलं. "गयाबाई."

"थांब," ते म्हणाले. "पेन आणतो."